नम लॉक रोज सकाळी बंद का होतो, आणि तो चालू राहावा म्हणून काय करायचं

वाशीच्या मार्केटात गाळ्यावर हिशोबाच्या पट्ट्या करणारा मुलगा असो, नौपाड्यातल्या सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारी मुलगी असो, नाहीतर घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीत मेंटेनन्सची बिलं काढणारे काका असोत, यांचा उजवा हात दिवसभर कीबोर्डच्या उजव्या टोकाच्या नंबरपॅडवर असतो. आकडे सगळे तिथूनच जातात. आणि रोज सकाळी कॉम्प्युटर चालू केला की पहिले चार-पाच आकडे वाया जातात, कारण नम लॉक, म्हणजे नंबरपॅडवर आकडे उमटावेत की बाण चालावेत हे ठरवणारं बटण, बंद असतो. मग बटण दाबा, दिवा लागला का बघा, परत पहिल्यापासून सुरुवात करा.

नुसता वेळच जात असता तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण एक्सेलमध्ये काय होतं ते बघा. समजा रकमेच्या रकान्यात तुम्ही सगळ्यात वरच्या घरात आहात आणि जुनी रक्कम बदलून १२५०.५० टाकायची आहे. नम लॉक बंद आहे, तुमचं लक्ष हातातल्या कागदावर आहे. नंबरपॅडवरचा १ म्हणजे आत्ता एंड, त्याने एक्सेल एंड मोडमध्ये जातो. २ म्हणजे खालचा बाण. एंड मोडमध्ये खालचा बाण दाबला की कर्सर थेट रकान्याच्या शेवटच्या भरलेल्या घरात उडी मारतो आणि मध्ये रिकामं घर नसेल तर तिथे बहुतेक वेळा बेरीज असते. ५ ने काहीच होत नाही. ० म्हणजे इन्सर्ट, त्यानेही काही दिसत नाही. मग येतो दशांशाचा ठिपका, म्हणजे डिलीट. बेरीज गेली. पुढचे ५ आणि ० गुपचूप विरून जातात. तुम्ही मान वर करता तेव्हा जुनी रक्कम जागच्या जागी असते, म्हणून वाटतं की काहीच झालं नाही. कंट्रोल आणि झेड दाबून बेरीज परत आणता येते, पण ती गेली हे कळलं तर!

म्हणून हे एकदा नीट बसवून टाका. विंडोज १० आणि ११ वर काय करायचं ते सविस्तर देतो, लिनक्सचं त्याहून थोडक्यात. कॅप्स लॉक, स्क्रोल लॉक आणि मराठी-इंग्रजी कीबोर्ड यांचाही प्रश्न याच जातीचा आहे, तोही शेवटी घेऊ.

कीबोर्डला काहीच आठवत नसतं

नम लॉक दाबला की कीबोर्ड कॉम्प्युटरला एवढंच कळवतो की अमुक बटण दाबलं गेलं. चालू की बंद, ही नोंद कॉम्प्युटर ठेवतो. मग तोच उलट कीबोर्डला सांगतो की दिवा लाव किंवा विझव. कॉम्प्युटर पार अडकला असेल तर नम लॉक कितीही दाबा, दिवा बदलत नाही, तो यामुळेच. मशीन हँग झालंय की नुसतं मंद चाललंय हे ओळखायची ही चांगली खूण आहे. आणि याच कारणाने नवा कीबोर्ड आणून हा प्रश्न सुटत नाही. दुकानदार विकेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच.

हे बटण आलं कुठून, तर आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीवरून. त्याच्या कीबोर्डवर ८३ बटणं होती आणि बाणांची वेगळी बटणं नव्हती. आकडे आणि बाण एकाच बटणांवर, म्हणून आत्ता यातलं काय हवंय ते सांगायला नम लॉक. दिवे तर त्यावर नव्हतेच, ते १९८४ च्या पीसी एटीबरोबर आले. पुढे १०१ बटणांचा कीबोर्ड आला, बाण वेगळे झाले, पण नम लॉक जागेवर राहिला तो आजतागायत.

आता मुख्य गोष्ट. कॉम्प्युटर चालू केल्यापासून तुमचं टॅली उघडेपर्यंत नम लॉकची नोंद तीन जणांच्या हातून जाते. पहिला बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला तो छोटा प्रोग्राम जो सगळ्यात आधी जागा होतो. दुसरी लॉगिनची स्क्रीन. तिसरं तुमचं स्वतःचं खातं, म्हणजे पासवर्ड टाकल्यानंतर जे उघडतं ते. सोसायटीच्या गेटवर पाळी बदलताना एक वॉचमन दुसऱ्याला निरोप न देता निघून जातो, तसं या तिघांचं आहे. बायोसने दिवा लावून ठेवला तरी विंडोज आपला हिशोब स्वतः करतो आणि तो विझवू शकतो. लोकांना वाटतं की एका ठिकाणी सेटिंग केलं, आता झालं. निम्म्या तक्रारी इथूनच येतात: सेटिंग बरोबर असतं, पण भलत्याच पाळीवाल्याला दिलेलं असतं.

तेव्हा आधी कोण विसरतोय ते शोधा

सेटिंगला हात लावण्याआधी ही तपासणी करा.

कॉम्प्युटर पूर्ण बंद करा. परत चालू करा आणि नजर स्क्रीनवर नको, कीबोर्डच्या दिव्यावर ठेवा. वीज मिळताच तिन्ही दिवे क्षणभर चमकतात, त्याकडे दुर्लक्ष करा. कीबोर्ड स्वतःची चाचणी घेत असतो. त्यानंतर कंपनीचं चिन्ह स्क्रीनवर असताना नम लॉकचा दिवा लागलेला आहे का? लॉगिनची स्क्रीन आल्यावर आहे का? पासवर्ड टाकून डेस्कटॉप दिसल्यावर आहे का? कागदावर तीन वेळा हो किंवा नाही लिहून ठेवा.

मग हेच सगळं शटडाउनऐवजी रीस्टार्ट करून बघा. ही दुसरी फेरी बहुतेक जण गाळतात, पण विंडोजवर खरं उत्तर तीच देते. का ते पुढे येईल.

चिन्ह असतानाच दिवा बंद असेल तर बायोसपासून सुरू करा. चिन्हाला चालू पण लॉगिनला बंद, तर लॉगिनच्या स्क्रीनचं सेटिंग. लॉगिनला चालू आणि डेस्कटॉपवर बंद, तर तुमच्या खात्याचं. रीस्टार्टला ठीक पण शटडाउननंतर बंद, असं असेल तर सरळ फास्ट स्टार्टअपच्या भागाकडे जा.

बायोस

चालू करताक्षणी एक ठरावीक बटण दाबत राहायचं. जोडून घेतलेल्या मशीनवर बहुधा डिलीट, डेलवर एफ२, एचपीच्या बऱ्याच मशीनवर एफ१०, लेनोवोच्या ऑफिस डेस्कटॉपवर एफ१. नवी मशीन इतकी भराभर पुढे जातात की बटण दाबायला वेळच मिळत नाही. तसं असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, मग ॲडव्हान्स्ड स्टार्टअपसमोरचं रीस्टार्ट नाऊ. निळी स्क्रीन येईल, तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. विंडोज १० मध्ये रिकव्हरी हे अपडेट अँड सिक्युरिटीखाली आहे.

आत गेल्यावर बूट नावाच्या पानावर ‘बूटअप नम लॉक स्टेट’ किंवा अशाच नावाची ओळ शोधा. ती ऑन करा, सेव्ह अँड एक्झिट. बाकी कशालाही हात लावू नका, विशेषतः डिस्कच्या सेटिंगला. काही ब्रँडेड मशीनवर ही ओळच नसते. तेव्हा बायोस सोडून द्या, पुढचे दोघे नीट झाले की काम भागतं.

यात एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. बायोसमध्ये ऑन केलं, आठवडाभर चाललं आणि सुट्टीनंतर परत बंद. शिवाय कॉम्प्युटरची तारीखही कित्येक वर्षं मागे गेलेली. असं दिसलं तर सेटिंगमध्ये काही चुकलेलं नाही, मदरबोर्डवरचा सेल संपलाय. रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा ३ व्होल्टचा सेल असतो, नंबर सीआर२०३२. मुख्य वीज बंद असताना घड्याळ तोच चालवतो, आणि बऱ्याच बोर्डांवर बायोसची सेटिंग्जही त्याच्याच जिवावर टिकतात. ज्या ऑफिसात रात्री निघताना भिंतीवरचं मेन बटण बंद करायची शिस्त आहे, तिथे हे लवकर उघडं पडतं. जिथे प्लग चालूच राहतो तिथे सेल मेलेला असूनही महिनोन्महिने कळत नाही.

सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा, कॅबिनेट उघडा, जुना सेल बाजूची छोटी क्लिप ढकलून काढा आणि नवा तसाच, अधिक चिन्ह वर ठेवून, बसवा. मग बायोसमध्ये तारीख-वेळ आणि नम लॉक परत लावा. तारखेकडे लक्ष द्या म्हणतो ते उगाच नाही: ती चुकली की ब्राउझर सरकारी पोर्टलसुद्धा असुरक्षित म्हणून अडवतो, आणि २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरताना लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात.

विंडोज: आधी सोपा उपाय

रजिस्ट्रीत शिरण्याआधी हे करून बघा. कॉम्प्युटर चालू करून लॉगिनच्या स्क्रीनवर या, पण पासवर्ड टाकू नका. तिथेच नम लॉक दाबून दिवा लावा. मग त्याच स्क्रीनवर उजवीकडे खाली पॉवरचं चिन्ह असतं, त्यावरून शटडाउन किंवा रीस्टार्ट करा. बऱ्याच मशीनवर एवढ्याने काम होतं, कारण लॉगिनच्या स्क्रीनची नोंद त्या स्क्रीनवरूनच बंद करताना जपली जाते. तुम्ही रोज आत जाऊन, नम लॉक लावून, आतून बंद करता. त्यात तुमच्या खात्याची नोंद बदलते, लॉगिनच्या स्क्रीनपर्यंत ती पोचत नाही.

नाही झालं, तर पुढे.

विंडोज: रजिस्ट्री

रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सगळी सेटिंग्ज जिथे लिहिलेली असतात ती वही. भलतीकडे खाडाखोड केली तर मशीन चालू व्हायचं बंद होऊ शकतं, म्हणून खाली लिहिलंय तेवढंच करा. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं लागेल. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत कॉम्प्युटर कंपनीचा असतो, तिथे हे स्वतः करू नका, आयटीवाल्यांना सांगा. त्यांनी बसवलेली पॉलिसी तुमचा बदल दुसऱ्या दिवशी पुसून टाकेल ते वेगळंच.

१. स्टार्ट मेनू उघडून रजिस्ट्री एडिटर शोधा आणि उघडा. परवानगी विचारेल, यस म्हणा.

२. डावीकडे फोल्डरांची उतरंड दिसेल. त्यात ‘एचकी यूजर्स’ उघडा, त्याच्या आत ‘डॉट डिफॉल्ट’, म्हणजे ज्याच्या नावाआधी टिंब आहे ते. त्याच्या आत ‘कंट्रोल पॅनेल’, आणि त्यात ‘कीबोर्ड’.

३. कीबोर्डवर उजवं क्लिक करून एक्सपोर्ट निवडा आणि फाइल डेस्कटॉपवर ठेवा. काही बिघडलं तर त्या फाइलवर डबल क्लिक केलं की जुनं परत येतं.

४. उजव्या बाजूला ‘इनिशियल कीबोर्ड इंडिकेटर्स’ असं लांबलचक नाव आहे, त्यावर डबल क्लिक करा. तिथे बहुधा २१४७४८३६४८ हा आकडा दिसेल. तो बदलून २१४७४८३६५० करा. ओके.

५. मग त्याच उतरंडीत ‘एचकी करंट यूजर’ उघडा, आत ‘कंट्रोल पॅनेल’ आणि ‘कीबोर्ड’. तिथेही हेच नाव आहे. त्याची किंमत २ करा. हे तुमच्या खात्याचं, आधीचं लॉगिनच्या स्क्रीनचं.

६. एडिटर बंद करून रीस्टार्ट.

आकडे टाकताना मराठी कीबोर्ड चालू नाही ना, ते बघा. मी इथे देवनागरीत छापलेत, पण रजिस्ट्रीत इंग्रजी आकडेच हवेत. देवनागरी ५ तिथे बिनतक्रार उमटतो आणि मग काहीच घडत नाही.

एवढा मोठा आकडा कुठून आला, असं वाटलं असेल तर सांगतो. तिन्ही लॉकना एकेक किंमत दिलेली आहे: कॅप्स लॉकला १, नम लॉकला २, स्क्रोल लॉकला ४. जे चालू हवेत त्यांची बेरीज लिहायची. ० म्हणजे सगळे बंद, २ म्हणजे फक्त नम लॉक, ३ म्हणजे नम आणि कॅप्स दोन्ही. विंडोज ७ पर्यंत लॉगिनच्या स्क्रीनलाही नुसता २ पुरत असे. नंतरच्या विंडोजमध्ये मूळ आकडाच २१४७४८३६४८ असतो, म्हणजे २ चा ३१ वा घात, आणि त्यात आपले २ मिळवले की झालं. इंटरनेटवर कोणी ८०००००००२ वगैरे लिहायला सांगत असेल तर तो याच आकड्याचं दुसऱ्या पद्धतीचं लेखन चुकवून सांगतोय, त्याच्या नादी लागू नका.

विंडोज: फास्ट स्टार्टअप

आता ती दुसरी फेरी. २०१२ साली विंडोज ८ आला तेव्हापासून शटडाउन हे पूर्वीसारखं पूर्ण शटडाउन राहिलेलं नाही. तुमचं खातं बंद होतं, पण विंडोजचा गाभा आहे त्या स्थितीत डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे मशीन लवकर चालू होतं. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं खरोखर पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून रजिस्ट्री बदलल्यावर रीस्टार्टला नम लॉक झकास चालू राहतो आणि रात्री बंद करून गेलात की सकाळी पुन्हा दिवा विझलेला, असा अनुभव येऊ शकतो. तुम्ही बदललेलं वाचण्याऐवजी त्याने कालचं उचललं.

याला उपाय म्हणजे फास्ट स्टार्टअप बंद करणं. कंट्रोल पॅनेल, हार्डवेअर अँड साउंड, पॉवर ऑप्शन्स. डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. तिथे खालची खूण फिकट दिसेल, बदलता येणार नाही. वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ या ओळीवर क्लिक केलं की ती उघडते. ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढा, सेव्ह चेंजेस. ही ओळच दिसत नसेल तर हायबरनेशन (स्थिती डिस्कवर उतरवून ठेवायची सोय) आधीच बंद आहे, म्हणजे फास्ट स्टार्टअपही नाही.

माझं मत विचाराल तर एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, असलेल्या मशीनवर हे बंदच ठेवावं. वेळेत जो फरक पडतो तो चहा ओतून घेईपर्यंतचाही नसतो, आणि नम लॉकच नव्हे, प्रिंटर न सापडणं, अपडेट अर्धवट राहणं, अशा बारीकसारीक भानगडीही पूर्ण शटडाउनने कमी होतात. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर मात्र मशीन चालू व्हायला ठळकपणे उशीर होईल, तिथे विचार करा. कायमचं बंद न करता एखाद्या दिवशी पूर्ण शटडाउन हवं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा.

लिनक्स

लिनक्सवरही तीच तीन माणसं आहेत, फक्त प्रत्येक डेस्कटॉपची (म्हणजे केडीई, एक्सएफसीई, ग्नोम अशा वेगवेगळ्या रूपांची) भाषा वेगळी.

मिंट वापरत असाल तर मेनूत ‘लॉगिन विंडो’ उघडा, सेटिंग्जच्या पानावर ‘ॲक्टिव्हेट नम लॉक’ आहे. ते फिकट दिसत असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘नमलॉकएक्स’ नावाचं छोटं पॅकेज आधी बसवा, मग खूण करता येईल.

केडीईवाल्यांचं सगळ्यात सरळ आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडला की प्लाझ्मा (केडीईचा डेस्कटॉप) सुरू होताना नम लॉकचं काय करायचं असा प्रश्नच तिथे आहे: चालू, बंद किंवा आहे तसा राहू दे. आहे तसा राहू दे हे निवडू नका, त्याने आधीचा पाळीवाला जे ठेवून जाईल तेच मिळतं. चालू निवडा. मग एसडीडीएमच्या (केडीईवर लॉगिनची स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये प्लाझ्माची सेटिंग्ज तिकडेही लावण्याचं बटण असतं, ते दाबा. नम लॉकची निवड त्याबरोबर तिकडे जाते.

एक्सएफसीईमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमधल्या बिहेवियर पानावर सुरुवातीला नम लॉकची स्थिती परत आणायची खूण आहे. ग्नोममध्ये खातं स्वतःच मागची स्थिती लक्षात ठेवतं. ठेवत नसेल तर डीकॉन्फ एडिटर बसवा आणि त्यात ऑर्ग, ग्नोम, डेस्कटॉप, पेरिफेरल्स, कीबोर्ड असं उतरत जा. तिथे नम लॉकची स्थिती लक्षात ठेवायची आणि स्थिती काय ती, अशा दोन ओळी आहेत, दोन्ही चालू करा. उबुंटूच्या लॉगिन स्क्रीनला मात्र हे लागू होत नाही, कारण ती स्क्रीन स्वतंत्र खात्याखाली चालते. त्यासाठी टर्मिनलमध्ये खटपट करता येते, पण नवख्याने करू नये. पासवर्डातले आकडे वरच्या ओळीतून टाकले की प्रश्न मिटतो.

कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉक

नम लॉक लक्षात राहावा, कॅप्स लॉक राहू नये. कॉम्प्युटर चालू होताना कॅप्स लॉक चालू असला तर पासवर्ड चुकतो, तीन-चारदा चुकला की काही ऑफिसांत खातं कुलूपबंद होतं. म्हणून वरच्या बेरजेत १ कधीही मिळवू नका.

चुकून सारखा दाबला जात असेल तर विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं मोफत पॉवरटॉइज बसवून त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरने ते बटण बंद करता येतं. पॉवरटॉइज चालू असेपर्यंतच ते लागू असतं, लॉगिनच्या स्क्रीनवर कॅप्स लॉक नेहमीसारखाच चालतो. आणि एखाद्या मशीनवर कॅप्स लॉक लागतो पण त्याच बटणाने निघत नाही, शिफ्ट दाबली की निघतो, असं दिसलं तर कीबोर्ड खराब नाही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज (विंडोज १० मध्ये डिव्हायसेस), टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथून इनपुट लँग्वेज हॉट कीज. तिथल्या ॲडव्हान्स्ड की सेटिंग्जच्या पानावर कॅप्स लॉक कशाने बंद व्हावा याचे दोन पर्याय आहेत, त्यातला बदला.

स्क्रोल लॉकचा उपद्रव फक्त एक्सेलमध्ये. बाण दाबला की घर बदलत नाही, सगळी शीटच सरकते. बऱ्याच नव्या कीबोर्डांवर ते बटणच नसतं, त्यामुळे लागला तर काढायचा कसा, हा प्रश्न पडतो. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा, स्क्रीनवर कीबोर्ड येईल, त्यात उजवीकडे आहे.

मराठी कीबोर्डची सुरुवात

सकाळी पहिलाच पत्ता टाइप करायला घ्यावा आणि इंग्रजीच्या जागी मराठी अक्षरं यावीत, हेही याच दुखण्याचं भावंड. ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये वरच ‘ओव्हरराइड फॉर डिफॉल्ट इनपुट मेथड’ आहे. तिथे दिवसाची सुरुवात ज्या भाषेने हवी ती निवडा. अर्जांचं काम जास्त असेल तर मराठी, हिशोबाचं असेल तर इंग्रजी. त्याखालची, प्रत्येक विंडोसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवायची खूणही करा. वर्डमध्ये मराठी, टॅलीत इंग्रजी आणि दोघांत उड्या मारताना बदलत बसावं लागत नाही. एरवी बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार.

लिनक्सवर एक सोय मला फार आवडते. कीबोर्डच्या जादा पर्यायांमध्ये, दुसरा लेआउट चालू असताना कीबोर्डवरचा दिवा लावा, असा पर्याय आहे. ग्नोममध्ये हे पर्याय ट्वीक्समध्ये सापडतात, केडीईत कीबोर्डच्या ॲडव्हान्स्ड पानावर. स्क्रोल लॉकचा दिवा निवडा. तो एरवी रिकामाच असतो, आता तो लागला की मराठी चालू आहे हे टाइप करण्याआधीच कळतं.

ज्यांनी यातलं काही करू नये ते

लहान लॅपटॉप, ज्यांना वेगळं नंबरपॅडच नाही. त्यातल्या काहींवर नम लॉक चालू झाला की अक्षरांच्या मधोमध आकडे बसतात: यू, आय, ओ च्या जागी ४, ५, ६ आणि जे, के, एल च्या जागी १, २, ३. पासवर्डात ही अक्षरं असतील तर आत जाणंच अवघड. अशा लॅपटॉपवर रजिस्ट्रीतला आकडा मूळचाच राहू द्या. ऑफिसात बाहेरून मोठा कीबोर्ड जोडत असाल तरी निघताना नम लॉक बंद करून निघा. अडकलातच तर एफएन दाबून नम लॉक दाबा.

वायरलेस कीबोर्डवाल्यांची अडचण वेगळी. बॅटरी वाचवायला त्यांवर बहुधा दिवेच नसतात, त्यामुळे वरची तपासणी करता येत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी (विंडोज १० मध्ये ईझ ऑफ ॲक्सेस), कीबोर्ड, आणि तिथे टॉगल कीज चालू करा. नम लॉक लागला की वरच्या पट्टीत बीप, बंद झाला की खालच्या पट्टीत. नम लॉक ५ सेकंद दाबून धरूनही हे चालू करता येतं, त्याचा शॉर्टकट आधी बंद केलेला नसेल तर.

आणि नम लॉक चालू असूनही आकडे येत नाहीत, उलट नंबरपॅड दाबलं की माउसचा बाण स्क्रीनवर सरकतो, तर माउस कीज चालू झाल्यात. डावा ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबले गेले की हे होतं, कीबोर्ड पुसताना तर हमखास. तेच तिन्ही परत एकदा दाबा, बंद होतं. कीबोर्ड पुसायचा असेल तेव्हा वायर काढून पुसा.